पेठ, पुरी आणि पार्क : कोल्हापुरात घर कोठे घ्यावे याचा इतिहास

वसंतातल्या व्याख्यानाला इतिहासाचा विषय लावला की श्रोते गडकोट, तह आणि लढाया ऐकण्याच्या तयारीने येतात. आज आम्ही त्यांना एका घरगुती तंट्याकडे नेणार आहोत. कोल्हापुरातले एखादे कुटुंब घर घ्यावयास निघते. घरात थकलेले आईवडील, मिळवती नवराबायको आणि शाळेत जाणारी दोन मुले. वडील म्हणतात, शिवाजी पेठ सोडावयाची नाही. अंबाबाईचा शिखर दिसला नाही तर सकाळ उजाडत नाही. सूनबाईंचा ओढा राजारामपुरीकडे, कारण शाळा, दवाखाना आणि भाजी सगळे पायाखाली. मुलाच्या डोळ्यांसमोर नागाळा पार्कातली झाडे आणि रुंद रस्ते. आणि आलेगेले मामा सांगून जातात की एवढ्या पैशांत पाचगावला किंवा कळंब्याला अंगणासकट घर होईल. यात इतिहास कोठे आला, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की या चौघांच्या तोंडून जे बोलते आहे ते कोल्हापूरचे चार निरनिराळे काळ आहेत; आणि त्यांतला प्रत्येक काळ घराची जागा निराळ्या हिशेबाने निवडीत असे.

प्रथम नावांकडे पाहू. या शहरात जुन्या वस्तीला पेठ म्हणतात, त्यानंतरच्या वस्तीला पुरी, त्यानंतर पार्क, एक्स्टेन्शन आणि कॉलनी आली, आणि सर्वांत शेवटी नगर. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, उत्तरेश्वर पेठ. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, साईक्स एक्स्टेन्शन, रुईकर कॉलनी. मग प्रतिभानगर, जवाहरनगर, संभाजीनगर. नुसत्या शेपटावरून वस्तीचे वय सांगता यावे अशी सोय फार थोड्या गावांना असते. पत्ता लिहिताना अजूनही ए, बी, सी, डी, ई असे वॉर्ड घालण्याची रीत आहे. त्यांतले पहिले चार मिळून साधारण जुने गाव होते, आणि उरलेले बहुतेक सगळे नवे कोल्हापूर त्या एकट्या ई वॉर्डात बसते.

जुने गाव तरी मुळात एक नव्हतेच. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर अशा सहा वस्त्या मिळून हे नगर झाले अशी परंपरागत माहिती आहे. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली डॉ. ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी जे उत्खनन केले, त्यात सातवाहनकाळातली घरे आणि वस्तू निघाल्या. रोमन जगाशी व्यापार असल्याच्या खुणाही येथेच सापडल्या. नदीकाठी राहून नदीच्या पुरापासून वर राहावयाचे, हा त्या पहिल्या कोल्हापूरकरांचा हिशेब होता. पंचगंगेच्या काठावर जागा पुष्कळ होती. त्यांनी टेकाड निवडले. बाकीच्या वस्त्यांची नावे पाहिली तर त्यांतही पाणीच आहे. रंकाळा, पद्माळा, रावणेश्वर ही तळी होती. घर घेताना माणूस आधी पाणी पाही: प्यावयाचे जवळ असावे आणि बुडविणारे लांब असावे.

१७८२ च्या सुमारास पन्हाळ्याहून राजधानी येथे आली आणि तीर्थाच्या गावाचे राजधानीचे शहर झाले. वेशी आल्या, तट आला, जुना राजवाडा आला. पेठांची वारांची नावे आणि गल्ल्यांची धंद्यांची नावे त्या वसाहतीची साक्ष देतात. गुजरीत सराफ, बुरूड गल्लीत बुरूड, घिसाड गल्लीत घिसाडी, सुतारवाड्यात सुतार. या काळात ‘घर कोठे घ्यावे’ हा प्रश्न बहुतेकांच्या वाट्याला आलाच नाही. धंदा आणि जात यांनी तो जन्माआधीच सोडविलेला असे. आज पेठेच्या आपलेपणाविषयी आपण गहिवरून बोलतो, आणि तो आपलेपणा खराही आहे. पण ज्यांना गावकुसाबाहेरच राहणे भाग होते त्यांना त्या आपलेपणाच्या कडा कशा लागत असतील, याचा विचार आमच्या पेठांच्या कौतुकलेखनात फारसा दिसत नाही. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढले तेव्हा तेथे गिऱ्हाईक यावे म्हणून खुद्द शाहू महाराजांना आपली गाडी थांबवून चहा मागवावा लागला. चहाची ही कथा, तर शेजारच्या घराची काय असेल!

पिण्याच्या पाण्याचा पहिला हिशेब सुटला तो नळाने. आधी कात्यायनीच्या बाजूचे झरे गावात आणले गेले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात कळंब्याच्या तलावाचे पाणी आले. मंगळवार पेठेतला ‘पाण्याचा खजिना’ हे नाव आपण सहज उच्चारतो. पण तलाव आणि आड यांच्याजवळ राहण्याची सक्ती सुटली, म्हणजे वस्तीच्या पायातली एक बेडी गळाली, हे त्या नावामागचे खरे वर्तमान आहे. तळ्यांची गरज संपली तशी तळीही संपली. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान झाले, कपिलतीर्थाच्या जागी मंडई बसली, आणि रावणेश्वराचे तळे बुजून तेथे शाहू स्टेडियम उभे राहिले. दोन तालमींचा फुटबॉलचा सामना रंगला म्हणजे पंधरावीस हजार पाय ज्या जमिनीवर नाचतात ती एका तळ्याची जमीन आहे. तळे माणसे विसरतात; पाणी आपली जागा विसरत नाही. हे पुढे पाहावयाचे आहे.

१८९१ साली मिरजेहून आगगाडी कोल्हापुरात आली. स्टेशन गावाबाहेर पूर्वेला, आणि गाव व स्टेशन यांच्यामध्ये जयंती नाला. २ एप्रिल १८९४ रोजी शाहू महाराजांच्या हाती कारभार आला, आणि १८९५ साली त्यांनी त्या मधल्या जागेत शाहूपुरी वसविली. हेतू उघड होता: कोल्हापूरच्या गुळाला आपली बाजारपेठ हवी होती, आणि ती रेल्वेच्या तोंडाशी हवी होती. येथे पहिल्याने घराच्या जागेचा हिशेब बदलला. शाहूपुरीत जाणाऱ्या जैन, लिंगायत, गुजराती व्यापाऱ्याने आपली पेठ सोडली ती देवळासाठी नव्हे, पाण्यासाठी नव्हे. माल उतरावयाची जागा जवळ पडते म्हणून. खाली पेढी, वर बिऱ्हाड. आणि हेही ध्यानात घ्यावे की येथील जमीन दरबाराने आखून दिलेली होती. गल्लीला जातीचे नाव नाही, आकडा आहे. पहिली गल्ली, दुसरी गल्ली. कुंभार गल्लीसारखे अपवाद आहेत, पण आकडा हाच नियम. आकड्याला सोयरसुतक नसते, म्हणून आकड्याच्या गल्लीत कोणीही राहू शकतो. कोल्हापूरच्या सामाजिक इतिहासात वसतिगृहांचे माहात्म्य आपण सांगतो आणि ते योग्यच आहे. १९०१ पासून निघालेल्या त्या बोर्डिंगांनी खेड्यातला मुलगा शहरात आणला. परंतु शिकून नोकरीस लागलेल्या त्या मुलाने संसार कोठे थाटला? पेठेत त्याचा वाडा नव्हता. त्याला आकड्यांची गल्लीच बरी पडली.

ती गल्ली त्याला खऱ्या अर्थाने मिळाली ती राजारामपुरीत. शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी निवर्तले. त्यांच्यामागून १९४० पर्यंत राजाराम महाराजांची कारकीर्द झाली, आणि तिच्यात ही वस्ती आखली गेली. मधून एक सरळ मोठा रस्ता, आणि त्याला काटकोनात मिळणाऱ्या ओळीने गल्ल्या. ‘सातवी गल्ली’ म्हटले की रिक्षावाल्याला पुढे काही सांगावे लागत नाही. प्लेगच्या साथींत दाट वस्तीचे काय होते हे लोकांनी एका पिढीपूर्वी पाहिले होते. गाव मोकळे करून माणसे माळावरच्या झोपड्यांत राहिली होती. त्या आठवणीला हा रुंद, हवेशीर आराखडा म्हणजे दिलासाच वाटला असला पाहिजे. वाड्यातल्या माणसाला मात्र तो उघडाबोडका वाटे. चौक नाही, सोपा नाही, एकाच भिंतीआड चार चुलती नाहीत. राजारामपुरीत गेलेला मुलगा ‘बाहेर राहावयास गेला’ असे पेठेतली म्हातारी माणसे म्हणत. अंतर मैल-दीड मैलाचे!

१ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाले. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ स्थापन होऊन ते सागरमाळावर गेले, आणि शहराचे तोंड कायमचे पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे वळले. १९०१ च्या शिरगणतीत अवघ्या ५४ हजारांचे हे गाव १९६१ साली १ लाख ८७ हजारांवर पोचले होते आणि २०११ साली साडेपाच लाखांच्या घरात होते. एवढी माणसे पेठांत मावणार नव्हतीच. गृहनिर्माण संस्था निघाल्या, प्राध्यापक, कारकून आणि बँकेतले नोकर कर्ज काढून प्लॉटधारक झाले. आजोबांनी घर वारशाने घेतले, वडिलांनी साठविलेल्या पैशाने, आणि मुलगा ते पुढच्या वीस वर्षांच्या पगारावर घेतो. कर्जाचे घर चुकले तर ते सोडूनही जाता येत नाही. म्हणून पेठ की पुरी हा प्रश्न आजोबांना चर्चेपुरता होता, नातवाला तो पोटाचा आहे.

ज्यांना हा प्रश्न विचारण्याची चैनच मिळाली नाही अशीही वस्ती येथे आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. शहरापासून जवळच वळिवडे येथे १९४३ पासून काही वर्षे महायुद्धाने परागंदा झालेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. ते गेले, आणि फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले. आजचे गांधीनगर ते हेच. सरकारने दाखविलेल्या छावणीतून त्यांनी जिल्ह्यातली एक मोठी कापडाची बाजारपेठ उभी केली.

आता पेठेकडे परत येऊ, कारण आमच्या कुटुंबातले वडील अजून हटून बसलेले आहेत. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पेठ म्हणजे तालीम, मंडळ, गल्लीतला गणपती आणि अडीअडचणीला धावणारी शंभर माणसे. आजारी माणसाला रात्री दोन वाजता दवाखान्यात नेण्यास पेठेत हाक पुरते. आषाढात पंचगंगेला नवे पाणी आले की ते कलशांतून वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेतात, तेव्हा गल्लीगल्लीची माणसे निघतात. पाचगावला राहावयास गेलेली मंडळीही त्या दिवशी आपल्या जुन्या गल्लीबरोबरच चालतात असे आम्ही पाहिले आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर उभ्याने पिलेले धारोष्ण दूध फ्लॅटच्या दाराशी येणाऱ्या पिशवीत मिळत नाही.

पण पेठेत घर ‘घेणे’ हेच मुळात अवघड झाले आहे, आणि त्याचे कारण भिंतींत नसून कागदांत आहे. जुन्या वाड्याचा सिटी सर्व्हेचा उतारा काढावा, तर त्यावर पणजोबांपासूनची नावे. वाटण्या तोंडी झालेल्या, पुण्या-मुंबईस गेलेले हिस्सेदार, आणि जुन्या भाड्याने बसलेली दोन बिऱ्हाडे. त्यातच महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. हा न्याय फार आधी व्हावयास हवा होता. तो झाला तेव्हा मात्र कित्येक वाड्यांचे वाटेकरी दुपटीने वाढले. एक सही अडली की वाडा अडतो. परिणाम असा की पेठेत राहणारा पेठेतच घर घेऊ पाहतो आणि त्याला मिळतो तो कोणा बिल्डराने वाडा पाडून बांधलेला तीन मजली फ्लॅट, ज्याला ना चौक ना गाडी लावण्यास जागा. पेठेच्या नावाने त्याने पैसे मोजले, पेठ मात्र पाडलेल्या वाड्याबरोबर गेली.

मामांच्या पाचगाव-कळंब्याचा कागद निराळ्या तऱ्हेने नाजूक असतो. १९७२ च्या १५ डिसेंबरला नगरपालिकेची महानगरपालिका झाली, पण हद्दवाढीचा वाद त्यानंतर दशकानुदशके चालत राहिला. शहरवाल्यांना हद्द हवी, गावांना घरफाळा नको. २०१७ साली तोड म्हणून ४२ गावांसाठी नागरी विकास प्राधिकरण नेमण्यात आले. दरम्यान शेतांचे गुंठ्यागुंठ्यांनी तुकडे पडून विकले गेले होते; ती बांधकामे नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला, यावरूनच हा प्रकार राज्यभर किती पसरला होता हे कळते. अंगण मिळते हे खरे. बिगरशेती झाली आहे का, रस्ता कागदावर आहे का, गटार कोणी काढावयाचे आणि नळ कोणाचा, हे आधी विचारलेले बरे.

आणि आता नागाळा पार्क. या एका जागेपाशी कोल्हापूरचा सारा भूगोल आणि इतिहास एकत्र येतो, म्हणून येथे थोडे रेंगाळतो.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या प्रयाग चिखलीला एकत्र होऊन पंचगंगा होते; पाचवी सरस्वती गुप्त मानतात. सह्याद्रीवर पाऊस कोसळला की हे सगळे पाणी एका पात्रात शहराशी येते. राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पावसाळ्यात ही दोन संख्या कोल्हापूरच्या लहान मुलालाही पाठ असतात, आणि राधानगरीच्या स्वयंचलित दारांपैकी किती उघडली ही बातमी घराघरांत ऐकली जाते. १९८९ चा पूर, २००५ चा पूर. मग ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद पडला. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ते पुन्हा ५५ फुटांवर गेले.

पाणी शहरात शिरले ते नदीच्या घाटावरून जितके, तितकेच जयंती नाल्यातून मागे दाबले जाऊन. दुधाळी, उत्तरेश्वर, सुतारवाडा, लक्ष्मीपुरीचा सखल भाग, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, रमणमळा. कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती ऐन तयारीत होत्या. सुतारवाड्यातली माणसे दसरा चौकातल्या चित्रदुर्ग मठात हलवावी लागली. पाणी चढू लागले की हे त्यांचे दरवेळचे स्थलांतर. नागाळा पार्कात बंगल्यांचे खालचे मजले पाण्यात होते. गरिबाची वस्ती आणि श्रीमंताची वस्ती या दोन्हींना त्या आठवड्यात एकच उंची होती.

जुन्या लोकांना हे ठाऊक नव्हते काय? आमच्या मते ठाऊक होते, आणि त्यांनी ते लिहूनही ठेविले आहे. फक्त आपण ते वाचीत नाही. मराठीत ‘माळ’ आणि ‘मळा’ हे दोन शब्द एका कान्याच्या जागेने निराळे होतात. माळ म्हणजे उंच, खडकाळ, पाणी न ठरणारी पडीक जमीन. मळा म्हणजे सखल, ओलीची, गाळाची, बागाईत जमीन. शेतकरी मळ्यात पिकवी आणि घर शक्यतो वर बांधी. आता नकाशा पाहा: विद्यापीठ सागरमाळावर, राजारामपुरी टाकाळा-टेंबलाईच्या चढाच्या बाजूला, तेथे पंचगंगेचे पाणी आले नाही. रमणमळ्यात ते आले. दुधाळीची जमीन ऊस-वैरणीची. गावातली जुनी वस्ती पेठेच्या चढावर कोरडी राहिली, आणि तिच्या उतारावर, ज्या कडेला धंदेवाईकांना आणि गरिबांना जागा मिळत गेली, तेथे भिजली. माळ कोणाला नको असे, म्हणून तो दरबाराला वसाहतीसाठी सहज मिळाला. मळे राहिले मालकांकडे, आणि शहर दाराशी आल्यावर त्यांचे प्लॉट पडले. बंगल्याला झाडी हवी, झाडीला ओल हवी; जी ओल नागाळा पार्काची शोभा आहे, तीच त्याची खोट आहे.

पाटबंधारे खात्याने निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या आहेत. निळी पंचवीस वर्षांत एकदा येण्याजोग्या पुराची, लाल शंभर वर्षांत एकदा येण्याजोग्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई आहे. पण २०१९ आणि २०२१ असे दोन मोठे पूर दोन वर्षांच्या अंतराने येऊन गेल्यावर ‘पंचवीस वर्षांत एकदा’ या शब्दांवर सामान्य माणसाचा विश्वास किती राहावा! रेषा कोठून जाते यावरून जमिनीच्या किमती ठरतात, म्हणून रेषेवर वाद होतात. तिचा नकाशा मात्र घर दाखविणारा दलाल कधी स्वतःहून उलगडत नाही. तो झाडे दाखवितो. तोही बहुधा उन्हाळ्यात.

आम्हांला कोणी विचारले तर आम्ही सूनबाईंच्या बाजूचे आहोत, आणि ते केवळ शाळेसाठी नव्हे. राजारामपुरीच्या मागच्या गल्ल्या, प्रतिभानगर, जवाहरनगर या बाजूला जमीन कोरडी आहे, कागद बहुतांशी सरळ आहेत, आणि आकड्यांच्या गल्लीलाही आता शंभरीच्या आसपासचे वय आले असल्याने तेथे शेजार तयार झालेला आहे. चतुर्थीला राजारामपुरीतल्या गणपतींच्या आगमनाची मिरवणूक पाहावयास आज पेठांतली माणसे जातात. ज्यांना ‘बाहेर राहावयास गेलेले’ म्हटले त्यांची ही मिरवणूक. कोल्हापुरात शेजार जमण्यास दोन-तीन पिढ्या लागतात, जमीन उंच होण्यास तेवढा काळ पुरत नाही. महापालिकेच्या नळाला काळम्मावाडीचे थेट पाणी २०२३ च्या नोव्हेंबरात आल्यापासून पाण्याची पेठापेठांतली तफावतही उणावण्याची आशा आहे. निदान पाण्याजवळ राहण्याचे कारण उरलेले नाही.

तरीही कोणाचे मन नदीच्या बाजूलाच ओढ घेत असेल, तर त्याने एवढे करावे. दलालाला घरी ठेवून श्रावणात एकट्याने त्या गल्लीत जावे आणि तेथल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईंना विचारावे, २०१९ ला पाणी कोठवर होते? त्या बोट दाखवितील. पुष्कळ भिंतींवर ती रेघ रंगाखालूनही दिसते, आणि काही घरांत तिच्याखाली खडूने सालही घातलेले असते.